बंद दाराची वर्गणी

जी गोष्ट वापरायला मिळत नाही, तिचे पैसे का भरायचे? प्रश्न अगदी सरळ आहे आणि घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला तो पडणारच. दूधवाला चार दिवस आला नाही, तर महिनाअखेरीला आपण चार दिवसांचं दूध वजा करतो. पेपरवाल्याचे खाडे कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवतो. केबल दोन दिवस बंद राहिली तर फोन करून भांडतो. यात चिकटपणा नाही, हा संसाराचा हिशेब आहे. असा हिशेब ठेवला म्हणूनच तर कितीतरी घरं महिन्याची शेवटची तारीख गाठू शकली.

मग २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि वाचनालयं, संग्रहालयं, नाट्यगृहं सगळ्यांना कुलपं लागली. पुरातत्त्व खात्याची स्मारकं १७ मार्चपासूनच बंद झाली होती. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि पुढच्याच आठवड्यात एप्रिल उजाडला. एप्रिल म्हणजे नवं आर्थिक वर्ष. बहुतेक वाचनालयांच्या वार्षिक वर्गणीचं नूतनीकरण याच सुमाराला येतं. घरात बसून ओटा पुसता पुसता कित्येकींच्या मनात आलं असेल, ‘दार बंद, पुस्तक बंद, मग वर्गणी कशाला चालू?’

आता तुम्ही म्हणाल, त्याला वर्षं लोटली, हा विषय आज कशाला उकरून काढायचा? कारण मैत्रिणींनो, तेव्हा ‘थोडे दिवस थांबू’ म्हणून ज्यांनी वर्गणी थांबवली, त्यातल्या पुष्कळजणी परत आल्याच नाहीत. टाळेबंदी उठली, मास्क निघाले, लग्नं पुन्हा हजार माणसांची होऊ लागली, पण वाचनालयाच्या रजिस्टरातली ती नावं तशीच थकबाकीत राहिली. शिवाय दारं काही फक्त साथीतच बंद होतात असं नाही. पूर येतो, छपराची दुरुस्ती निघते, इमारत धोकादायक ठरते. दरवेळी हा प्रश्न नव्यानं दारात उभा राहतो. म्हणून त्याचा एकदा नीट विचार केलेला बरा.

आमच्या गावातल्या वाचनालयाची मी वीसेक वर्षांची सभासद. महिला मंडळाचं आणि बचत गटांचं काम करताना त्याच वाचनालयाच्या खोलीत आमच्या बैठका व्हायच्या. टाळेबंदीत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय निघाला, तेव्हा एक जण स्पष्ट म्हणाली, “पुस्तक नाही तर पैसे नाहीत. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?” दुसरी म्हणाली, “अगं, साठ रुपये महिना. त्यानं काय आपण बुडणार आहोत?” तिसरी बराच वेळ गप्प होती. तिच्या यजमानांच्या कंपनीनं निम्मा पगार केला होता. तिनं रात्री मला एकटीला मेसेज केला, ‘ताई, सध्या साठ रुपयेसुद्धा मोजावे लागतात. ग्रुपवर कसं लिहू?’

या तिघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण तीन वेगळी उत्तरं बरोबर असली, तरी संस्थेला मात्र एकाच गल्ल्यातून खर्च चालवायचा असतो. तो खर्च दार बंद केल्यावर थांबतो का, हे आधी पाहू.

वाचनालयाला कुलूप लावलं तरी विजेच्या बिलातला स्थिर आकार येतोच. रात्रीचा राखणदार लागतोच, उलट बंद जागेला तो जास्तच लागतो. जागा भाड्याची असेल तर भाडं आहे. आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे माणसांचे पगार. देवघेवीच्या टेबलाशी बसणारी ग्रंथपाल, पुस्तकं लावणारा शिपाई, वाचनकक्ष झाडणाऱ्या मावशी. त्यांच्या घरची चूल काही वाचनालयाबरोबर बंद होत नाही.

त्यातून आपल्याकडचा पावसाळा! २०२० साली टाळेबंदीचे पहिले महिने गेले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढे चार महिने पाऊस. पुस्तकाला माणसाचा हात आणि वारा लागतो. रोजच्या देवघेवीत पुस्तक हलतं, झटकलं जातं, खिडक्या उघडतात. बंद खोलीत दमट हवा साठली की बुरशी धरते, कसर लागते, भिंतीतून वाळवी चढते. आपण नाही का, कपाटातली पैठणी वर्षातून एकदा तरी उलगडून, घडी बदलून ठेवत? तिथं तर हजारो घड्या बदलायच्या असतात. म्हणजे दार बंद असताना सांभाळण्याचं काम कमी होत नाही, वाढतं. फक्त ते कुणाला दिसत नाही. बायकांना हे वेगळं सांगायला नको. न दिसणारं काम म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

महाराष्ट्रातली वाचनालयं १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे जवळजवळ सात महिने ती बंद होती. त्या वर्षीची दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. दिवाळी अंकांची खास योजना हा कित्येक वाचनालयांचा वर्षातला हमखास उत्पन्नाचा काळ. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे फराळाबरोबर अंक हवाच असतो. पण त्या वर्षी अंकही कमी निघाले आणि ते हातोहात फिरवायला लोकही धजावत नव्हते. सहा महिने जातात न जातात तोच एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलपं लागली.

तुम्ही विचाराल, सरकारी अनुदान असतं ना? असतं. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालयं राज्यात आहेत. अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात आणि वर्गानुसार हप्त्यानं अनुदान येतं. पण ड वर्गातल्या एखाद्या खेड्यातल्या वाचनालयाला मिळणारं अनुदान किती आणि त्यात ग्रंथपालाच्या हातात पडतं किती, हे त्या माणसाला एकदा विचारून बघा. ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षं वेतनश्रेणीची मागणी करत आले आहेत. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, पण ती साथ ओसरल्यावर. मधल्या दोन वर्षांत संस्थेला तरायला आधार होता तो सभासदांच्या वर्गणीचा आणि देणग्यांचा.

हा पेच फक्त आपल्याकडेच पडला असं समजू नका. इंग्लंडमध्ये तर तो फार मोठ्या प्रमाणावर पडला. तिथं ‘नॅशनल ट्रस्ट’ नावाची धर्मादाय संस्था आहे. जुने वाडे, बागा, शेतं, समुद्रकिनारे ती सांभाळते. वर्षाची वर्गणी भरली की सभासदाला या सगळ्या ठिकाणी मोफत प्रवेश मिळतो, गाडी लावायला पैसे पडत नाहीत. रविवारी मुलांना घेऊन जायचं, बाग बघायची, चहा-केक खायचा, हा तिथल्या मध्यमवर्गाचा ठरलेला बेत. साथ येण्याच्या सुमाराला या संस्थेचे सभासद ५९ लाखांवर होते. मार्च २०२० मध्ये आधी वाडे, मग बागाही बंद झाल्या. आणि तिथल्या घराघरांतही आपलाच प्रश्न उभा राहिला. जायला मिळत नाही, तर बँकेतून कापली जाणारी वर्गणी चालू ठेवायची की थांबवायची?

काहींनी थांबवली. काहींनी नव्यानं सभासद होण्याचं पुढं ढकललं. वर्षभरात सभासदसंख्या ५४ लाखांच्या आत आली. तिकिटं, चहाची दुकानं, भेटवस्तूंची विक्री हे उत्पन्न तर आटलंच होतं. संस्थेनं आपला तोटा जवळजवळ २० कोटी पौंडांचा सांगितला आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत सुमारे १३०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या पाचशेवर लोकांना सक्तीनं काढावं लागलं. एवढी श्रीमंत संस्था, तिची ही गत. मग आपल्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयानं कुठल्या बळावर तग धरायची?

या ट्रस्टची गोष्ट मला आणखी एका कारणासाठी सांगाविशी वाटते. १८९५ साली तो ज्या तिघांनी स्थापन केला, त्यात एक बाई होती. ऑक्टेव्हिया हिल तिचं नाव. ती आधी होती समाजसेविका. लंडनमधल्या गरिबांच्या मोडक्या घरांची व्यवस्था तिनं १८६५ पासून हाती घेतली होती. स्वतः दर आठवड्याला दारोदार जाऊन भाडं गोळा करायची, गळकी छपरं दुरुस्त करून घ्यायची, भाडेकरूंच्या सुखदुःखाची चौकशी करायची. तिच्या मदतीला होत्या त्याही बायकाच. दाटीवाटीनं राहणाऱ्या माणसांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी, हे तिला त्या चाळींतून फिरताना कळलं आणि त्यातूनच पुढं निसर्ग आणि वास्तू जपायची ही संस्था आली. संस्थेला पहिली जमीन मिळाली तीही एका बाईकडून. वेल्समधली समुद्रकाठची टेकडी फॅनी टॅलबट यांनी बक्षीस दिली. पहिलं घर १८९६ साली विकत घेतलं, फक्त दहा पौंडांना! चौदाव्या शतकातलं मोडकळीला आलेलं घर. दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट आला. घ्यायला दहा पौंड आणि राखायला आयुष्यभराचे पैसे. आपल्याकडे कुणी जुना वाडा वारशानं मिळालेली सून असेल, तर तिला हे लगेच पटेल.

म्हणजे वारसा राखणं हे चैनीचं काम आहे, आधी गरिबांचं बघा, असं जे म्हटलं जातं, त्याला या बाईचं आयुष्य हेच उत्तर आहे. तिला दोन्ही कामं एकच वाटली.

आणि आपल्याकडं तरी काय वेगळं घडलं? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये निघालं आणि मुंबईचं १८९८ मध्ये. कुठं साहेबाचा पुढाकार होता, कुठं संस्थानाचा आधार होता, पण ती टिकली ती गावातल्या माणसांनी चार-आठ आणे काढले म्हणून. या संस्थांनी काय कमी पाहिलं? प्लेगची साथ आली, गावंच्या गावं ओस पडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली. १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. दोन महायुद्धांत महागाई आली, कागद मिळेनासा झाला. तरी या संस्था आपल्यापर्यंत पोचल्या. आपल्या कुणाच्या तरी पणजोबांनी कुठल्या तरी वाईट वर्षी वर्गणी भरली होती, म्हणून आपल्याला लहानपणी सुट्टीत पुस्तकं मिळाली. त्या वर्षी त्यांना स्वतःला किती पुस्तकं वाचायला मिळाली, कोण जाणे!

इथंच मला ‘फी’ आणि ‘वर्गणी’ या दोन शब्दांतला फरक महत्त्वाचा वाटतो. फी ही मिळणाऱ्या सेवेची किंमत असते. सेवा कमी तर फी कमी, हे न्यायाचंच आहे. शाळांच्या बाबतीत नेमकं तेच झालं. मुलं घरी बसून मोबाइलवर शिकत असताना शाळेची बस, प्रयोगशाळा, मैदान यांचे पैसे का, असा पालकांचा सवाल होता. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानच्या प्रकरणात न वापरलेल्या सुविधांपोटी १५ टक्के सूट द्यायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये आपल्या राज्यानंही १५ टक्के फी कमी करण्याचा आदेश काढला. पालकांचं म्हणणं रास्त होतं. तिथं आपण ग्राहक होतो.

पण वर्गणीचं तसं नाही. गणपतीची वर्गणी आपण प्रसादाच्या पुडीच्या वजनावर देतो का? हळदीकुंकवासाठी मंडळाला दिलेले पैसे वाणाच्या किमतीशी जुळतात का, हे कुणी तपासत नाही. वर्गणी म्हणजे एका सामायिक गोष्टीतला आपला वाटा. वाचनालयाचा सभासद हा तिथला गिऱ्हाईक नाही, तो मालकांपैकी एक आहे. त्याला सर्वसाधारण सभेत बसता येतं, ताळेबंदावर प्रश्न विचारता येतात, कार्यकारिणीला मत देता येतं. वर्गणी थकली की सहसा हा हक्कही जातो. आणि हे नीट लक्षात घ्या. जुनी वाचनालयं बहुधा गावाच्या अगदी मोक्याच्या जागेवर असतात. सभासद पांगले, सभेला पंधरा टाळकी उरली, की त्या जागेचं काय करायचं ते ती पंधरा माणसंच ठरवतात. खाली दुकानं, वर फ्लॅट आणि मागच्या बाजूला पुस्तकांसाठी एक अंधारी खोली, असे नकाशे तयार व्हायला वेळ लागत नाही. मग आपण हळहळतो, ‘काय छान वास्तू होती हो!’ पण तेव्हा हात वर करायला आपलं नावच यादीत नसतं.

हे सगळं मान्य केलं, तरी वर्गणी भरा म्हणणाऱ्यांनीही थोडं ऐकून घ्यायला हवं. पहिली गोष्ट, ज्या घरात खरोखरच ओढाताण आहे, त्या घरातल्या बाईला ‘फक्त साठ रुपये’ असं कधीही म्हणू नये. ‘फक्त’ हा शब्द दुसऱ्याच्या पाकिटाबद्दल वापरायचा नसतो. गॅस, औषधं, मुलांचा रिचार्ज, किराणा यांच्यापुढं वाचनालय मागं राहणारच आणि राहायलाच हवं. अशा घरानं वर्गणी थांबवली तर त्यात लाज कसली? लाज संस्थेला वाटायला हवी, जर तिनं त्या बाईचं नाव खोडून टाकलं असेल तर.

दुसरी गोष्ट हिशेबाची. ‘संस्था अडचणीत आहे’ एवढं म्हणून भागत नाही. बंद काळात पगार दिले का? किती दिले? पुस्तकांवर औषधफवारणी झाली का? ठेवी मोडल्या का? सार्वजनिक विश्वस्त संस्थेला आपले हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावेच लागतात. मग ते दारावरच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे? मी अशीही एक संस्था जवळून पाहिली आहे, नाव घेत नाही, जिथं सभासदांकडून वर्षाची वर्गणी बिनबोभाट जमा करून घेतली गेली, ‘आमच्या माणसांना मदत करा’ असं आवाहनही निघालं, आणि झाडलोट करणाऱ्या बाईला मात्र ‘काम नाही तर पगार नाही’ असं सांगण्यात आलं. ती आमच्या बचत गटात होती, म्हणून कळलं. सभासदांनी बंद दाराचे पैसे भरायचे आणि संस्थेनं बंद दाराचा पगार कापायचा, हे कसं चालेल? ज्या तत्त्वावर पैसे मागता, तेच तत्त्व स्वतः पाळा. आम्ही दहाबारा जणींनी सह्या करून पत्र दिलं तेव्हा कुठं तिचे तीन महिन्यांचे पैसे निघाले. आम्ही सभासद होतो म्हणूनच ते पत्र कार्यकारिणीला वाचावं लागलं, हेही खरं.

आणि हाच आरसा आपल्या घरातही धरून बघू. टाळेबंदीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींना सोसायट्यांनी गेटवरूनच परत पाठवलं. त्या महिन्यांचा पगार कोणी दिला, कोणी अर्धा दिला, कोणी दिलाच नाही. ज्यांनी दिला त्यांनी काय विचार केला असेल? ही बाई उद्या परत यायला हवी आणि तोवर तिचं घर चालायला हवं, एवढाच ना? मावशींच्या बाबतीत जे आपल्याला माणुसकीचं वाटलं, ते वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंच्या बाबतीत व्यवहाराबाहेरचं का वाटावं? त्याही तशाच घरी बसल्या होत्या, काम करायला तयार, पण दार बंद.

पूर आला तेव्हाचं उदाहरण सांगते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. साथ चालूच होती. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्याची हजारो पुस्तकं त्या पाण्यात भिजून गेली. २००५ च्या पुरातही त्यानं असाच मार खाल्ला होता. साथ आणि पूर एकाच वेळी अंगावर आलेल्या संस्थेला त्या महिन्यात कुणाला पुस्तक देता येणं शक्यच नव्हतं. तिथल्या सभासदानं ‘पुस्तक नाही तर वर्गणी नाही’ म्हटलं असतं, तर हिशेबानं ते बरोबर ठरलं असतं. पण मग चिखल कुणी उपसला असता? वाचनालय पुन्हा उभं राहिलं, ते आपलं म्हणणारी माणसं होती म्हणून.

तेव्हा माझं मत विचाराल तर ते असं. ज्यांच्या घरात चूल नीट पेटते आहे, त्यांनी दार बंद असतानाही वर्गणी भरावी. आणि जमलं तर एक जास्तीची पावती फाडावी, जिला या वर्षी जमत नाही तिच्यासाठी, तिचं नाव कुठंही न घेता. आमच्या मंडळात आम्ही हेच केलं. अकरा जणींनी जास्तीचे पैसे दिले, ते ग्रंथपालबाईंकडं ठेवले आणि त्यांना सांगितलं, ज्यांची थकली आहे त्यांच्या नावावर गुपचूप जमा करा. कुणाकुणाच्या नावावर केली ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ज्या मैत्रिणीचा मला रात्री मेसेज आला होता, ती पुढच्या उन्हाळ्यात नातीला घेऊन वाचनालयात दिसली. एवढं मला पुरलं.

संस्थांनीही काही गोष्टी मनावर घ्याव्यात. बंद काळात सभासदांना महिन्याला दोन ओळींचा निरोप तरी पाठवावा, काय चाललंय, किती पैसे आले, कुठं गेले. ज्याला मुदत वाढवून हवी असेल त्याला ती द्यावी, वाद घालू नये. बहुतेक लोक मागतही नाहीत, पण विचारलं याचं बरं वाटतं. थकलेल्या सभासदाला दंडाचा आकडा दाखवून घाबरवू नये. ‘मागचं राहू द्या, या महिन्यापासून सुरू करा’ या एका वाक्यानं जितके सभासद परत येतील, तितके नोटिशीनं येणार नाहीत. आणि ज्यांना जिने चढवत नाहीत, त्यांच्यासाठी घरपोच पुस्तकांची सोय करावी. बचत गटातली एखादी मुलगी सायकलवरून हे काम आनंदानं करेल, तिलाही चार पैसे मिळतील.

हे मी वाचनालयाबद्दल लिहिलं, पण तुमच्या गावात दुसरं काही असेल. जुन्या वस्तूंचं संग्रहालय असेल, संगीत मंडळ असेल, इतिहासाची कागदपत्रं जपणारी एखादी संस्था असेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते, दिवे, फण्या, पितळी भांडी बघून तुम्हाला आपलीच माजघरं दिसतील. कुणीतरी वेळेवर गोळा करून जपलं नसतं, तर आपल्या आजीच्या हातातल्या या वस्तू केव्हाच मोडीत गेल्या असत्या. सरकारच्या इतिहासात राजे असतात. स्वयंपाकघराचा इतिहास अशा ठिकाणीच उरतो, म्हणून तो सांभाळायची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त.

या आठवड्यात एक छोटं काम करा. कपाटात, देवघराच्या खणात किंवा जुन्या पर्सच्या कप्प्यात तुमचं वाचनालयाचं कार्ड कुठंतरी असेलच. ते शोधा आणि त्याच्यावरची शेवटची तारीख बघा. २०२० ची असेल तर संध्याकाळी भाजी आणायला जाल तेव्हा पाच मिनिटं वाकडी वाट करा. पावती घ्या, ताळेबंद मागा, सर्वसाधारण सभेची तारीख विचारा. आणि हो, येताना एक पुस्तक घेऊन या. आता दार उघडं आहे.